बिझनेस चॅनेलवरची मुलाखत कशी बघायची: दुसऱ्या प्रश्नाकडे कान ठेवा

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की बिझनेस चॅनेलवर कंपन्यांच्या एमडी, सीईओ, सीएफओ लोकांची जी रांग लागते ती थेट १४ ऑगस्टपर्यंत हटत नाही, कारण तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यायचा असा नियम आहे आणि बऱ्याच छोट्या-मध्यम कंपन्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच निकाल टाकतात. पुढे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, परत तेच. या मुलाखती बघून पैसे लावणारी माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत. रिटायर झालेले बँकवाले, शिक्षक, दुकानात कोपऱ्यातल्या टीव्हीवर दिवसभर चॅनेल लावून ठेवणारे, आणि आता मोबाईलवर नुसत्या क्लिपा बघणारी पोरं. एनएसई या शेअर बाजारात नोंदणी असलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिल्या नंबरवर आहे, त्यामुळे हा विषय आपल्या घरातलाच समजा.

तरी मुलाखत बघायची कशी हे कुणी सांगत नाही. बहुतेक जण बघतात काय, तर माणूस कॉन्फिडंट वाटतोय का, इंग्रजी फाडफाड आहे का, अँकर खूश दिसतोय का. आणि मग "मॅनेजमेंट चांगली वाटली" असं म्हणून ऑर्डर टाकून मोकळे. यात नुकसान होतं, आणि ते कष्टाच्या पैशांचं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे की मुलाखतीचा दर्जा पहिल्या प्रश्नावर ठरत नाही, पाहुण्याने उत्तर दिल्यावर अँकरने जो दुसरा प्रश्न विचारला त्यावर ठरतो. पहिला प्रश्न रिसर्च टीमने लिहून दिलेला असू शकतो आणि पाहुण्याच्या पीआरवाल्यांनाही त्याचा अंदाज असतोच. दुसरा प्रश्न विचारायचा तर उत्तर ऐकावं लागतं, आकडे डोक्यात असावे लागतात, आणि समोरच्याला थोडं अवघड वाटलं तरी चालेल एवढी तयारी लागते. हा दुसरा प्रश्न पकडायची सवय तुम्हालाही लावता येते, आणि अँकरने नाही विचारला तर तो तुम्हीच मनात विचारायचा. कसं ते आता एकेक करून बघू.

पायरी १: खुर्चीत कोण बसलंय ते आधी ठरवा

कंपनीचा माणूस आलाय, फंड मॅनेजर आलाय, ब्रोकरेजचा अ‍ॅनालिस्ट आलाय, चार्टवाला आलाय की सरकार किंवा रिझर्व्ह बँकेतलं कुणी आलंय, हे पहिल्या दहा सेकंदांत स्वतःला सांगा. कारण प्रत्येकाचा हेतू वेगळा. कंपनीवाल्याला शेअरचा भाव आणि कंपनीचं नाव सांभाळायचं असतं. फंड मॅनेजरकडे बहुतेक वेळा तो शेअर आधीच असतो, आणि जो त्याने विकलाय त्याबद्दल तो सहसा टीव्हीवर बोलत नाही. ब्रोकरेजला उलाढाल हवी असते. यात कुणी चोर आहे असं म्हणत नाहीये, पण प्रत्येक जण स्वतःच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरूनच ऐकायचं.

पायरी २: मुलाखतीआधी फायलिंग उघडा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. बीएसई किंवा एनएसईच्या साईटवर जा, कंपनीचं नाव टाका, कॉर्पोरेट अनाउन्समेंटमध्ये निकालाची पीडीएफ असते. बोर्ड मीटिंग संपली की अर्ध्या तासात ती टाकावी लागते, मीटिंग बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांची मुभा आहे. म्हणजे एमडी साहेब टीव्हीवर येईपर्यंत आकडे तुमच्याकडेही आलेले असतात, फक्त उघडून बघायचा आळस करू नका.

प्रेस रिलीज वाचू नका, थेट निकालाच्या तक्त्यावर जा. प्रेस रिलीजमध्ये कंपनीला जे दाखवायचंय ते वर असतं आणि बाकीचं गायब असतं. तक्त्यात बघायचं ते एवढंच: विक्री किती, कच्चा माल आणि बाकी खर्च काढून ऑपरेटिंग नफा किती, अदर इन्कम (मूळ धंद्याबाहेरची कमाई) किती, व्याज किती, एक्सेप्शनल आयटम (नेहमी न येणारी जमा किंवा खर्च) म्हणून काही आहे का, आणि खाली बारीक अक्षरातल्या टिपा. टिपा जरूर वाचा. ऑडिटरने काही शेरा मारला असेल तर तो याच पीडीएफमध्ये सापडतो. ताळेबंद आणि कॅश फ्लो दर तिमाहीला येत नाहीत, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांबरोबर येतात, त्यामुळे त्या दोन वेळेला येणी किती वाढलीत आणि हातात रोख खरंच आली का हे बघून घ्या. प्रमोटरने शेअर गहाण ठेवलेत का ते शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये असतं, तो तिमाही संपल्यावर २१ दिवसांत टाकावा लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. ही कंपनी काल्पनिक आहे, पण असा निकाल दर सीझनला दिसतो. विक्री ३४० कोटींवरून ४०० कोटी झाली. ऑपरेटिंग नफा ४८ कोटींचा ५० कोटी झाला. घसारा ११ चा १२, व्याज ६ चं ८. म्हणजे धंद्यातून उरले गेल्या वर्षी ३१ कोटी आणि यंदा ३० कोटी. पण अदर इन्कम ५ कोटींवरून २४ कोटींवर गेलं, त्यामुळे करापूर्वीचा नफा ३६ चा ५४ झाला आणि २५ टक्के कर काढून निव्वळ नफा २७ कोटींवरून साडेचाळीस कोटी. टीव्हीवर पट्टी येणार: "नफ्यात ५० टक्के वाढ". धंदा मात्र एक कोटीने मागे गेलाय आणि मार्जिन, म्हणजे विक्रीतला ऑपरेटिंग नफ्याचा वाटा, १४ टक्क्यांवरून साडेबारावर आलंय. हे हिशोब पाच मिनिटांत होतात, कॅल्क्युलेटर पण लागत नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३: उत्तरं नको, प्रश्न लिहून काढा

कागद घ्या आणि फक्त अँकरचे प्रश्न लिहा, पाहुणा काय बोलतो ते पहिल्या वेळी सोडून द्या. असं केलं की मुलाखतीचा दर्जा लगेच उघडा पडतो. पाच-सहा प्रश्न लिहून झाले की तुम्हाला त्यातले प्रकार दिसायला लागतील.

एक प्रकार अभिनंदनाचा, "सर काय जबरदस्त नंबर आलेत, कसं वाटतंय". हा प्रश्नच नाही. दुसरा प्रकार तीन प्रश्न एका दमात, "मार्जिन का घसरलं, आणि कॅपेक्सचं काय, आणि एक्सपोर्टला मागणी कशी आहे". यात पाहुणा सगळ्यात सोपा प्रश्न उचलतो, त्यावर दोन मिनिटं बोलतो आणि बाकीचे दोन हवेत विरून जातात. कागदावर लिहिलं असेल तरच कळतं की मार्जिनचं उत्तर आलंच नाही. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, प्रश्नातच उत्तर देऊन टाकायचं: "मार्जिनवर प्रेशर आलं ते कच्च्या मालाच्या किमतींमुळे असेल ना सर?" आता समोरचा "अगदी बरोबर" एवढंच म्हणणार. कारण शोधणं अँकरचं काम होतं, त्याने ते सबबीसकट पाहुण्याच्या हातात दिलं. आणि चौथा, नुसता भविष्याचा प्रश्न, "पुढचं वर्ष कसं दिसतंय". त्यावर काहीही बोललं तरी आज तपासता येत नाही म्हणून पाहुण्यांना तो फार आवडतो.

चांगला प्रश्न छोटा असतो, एकच असतो, आणि जाहीर झालेल्या आकड्यावर असतो. "अदर इन्कम ५ कोटींवरून २४ कोटी कशामुळे झालं?" यात पळायला जागा राहत नाही.

पायरी ४: दुसरा प्रश्न

आता मघाची कंपनी परत घ्या. अँकर म्हणतो, "नफ्यात ५० टक्के वाढ, जबरदस्त क्वार्टर, कशामुळे?" सीएफओ म्हणतात, "थँक यू, सगळ्याच सेगमेंटमध्ये मागणी चांगली होती, प्रॉडक्ट मिक्स सुधारला, टीमने खूप मेहनत घेतली." इथपर्यंत सगळ्या मुलाखती सारख्याच. खरा फाटा इथून फुटतो.

साधारण अँकर पुढे जातो: "ग्रेट, आणि हा ग्रोथ रेट पुढच्या वर्षी टिकेल?" संपलं, मुलाखत हातची गेली.

ऐकणारा अँकर म्हणतो: "मागणी चांगली होती तर मार्जिन १४ वरून साडेबारावर कसं आलं? आणि अदर इन्कम बाजूला काढलं तर नफा वाढलाय का?" सीएफओ सांगतात की जुन्या प्लांटची जमीन विकली, ते एकदाच आलेले पैसे आहेत. मग तिसरा प्रश्न आपोआप येतो: "म्हणजे पुढच्या तिमाहीत ते नसणार, मग धंद्यातले ३१ चे ३० का झाले ते सांगा." एवढ्या दीड मिनिटात बघणाऱ्याला जे कळलं ते सबंध प्रेस रिलीजमध्ये नव्हतं. आणि यात आवाज चढवावा लागला नाही, "सर" म्हणणं सोडावं लागलं नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं की कडक मुलाखत म्हणजे आरडाओरडा, तसं अजिबात नाही. आकडा हातात असला की हळू आवाजात विचारलेला प्रश्नसुद्धा टाळता येत नाही.

दुसरा प्रश्न किती मोलाचा असतो याचं टीव्हीवरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १२ मार्च २००८ ला बेअर स्टर्न्स या बँकेचे सीईओ अ‍ॅलन श्वार्ट्झ सीएनबीसीवर आले. बाजारात अफवा होती की बँकेकडे रोख संपत आलीये. श्वार्ट्झ यांनी सांगितलं की लिक्विडिटीवर काही ताण दिसत नाही. एवढ्यावर बऱ्याच अँकरांनी समाधान मानलं असतं, सीईओ स्वतः सांगतोय म्हटल्यावर. पण अँकर डेव्हिड फेबर यांनी त्याच मुलाखतीत वेगळीच गोष्टही विचारली: दुसऱ्या मोठ्या संस्था तुमच्याशी व्यवहार करायला, तुमची जोखीम घ्यायला तयार नाहीत असं कानावर येतंय, ते खरं आहे का. आता आकडे बघा. १० मार्चला बँकेकडे १८ अब्ज डॉलरची रोख होती, १३ मार्चच्या संध्याकाळी उरले २ अब्ज. १४ तारखेला फेडरल रिझर्व्हला मदतीला यावं लागलं आणि १६ मार्चला जेपी मॉर्गनने २ डॉलर प्रति शेअर भावाने बँक घ्यायचं जाहीर केलं, पुढे तो भाव १० डॉलर केला. म्हणजे मुलाखत झाली त्या वेळी रोख खरोखरच होती, श्वार्ट्झ त्या अर्थाने खोटं बोलत नव्हते, पण "पैसे आहेत का" या प्रश्नाचं उत्तर बघणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. उपयोगाचा प्रश्न होता "लोक तुमच्याशी व्यवहार थांबवतायत का". तो प्रश्न टीव्हीवर विचारल्यामुळेच पळापळ वाढली का, यावर तिकडे नंतर बराच वाद झाला. माझ्या मते प्रश्न बरोबरच होता. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना तो ऐकायचा हक्क होता.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर डीएचएफएल, घरकर्ज देणारी कंपनी. २१ सप्टेंबर २०१८, शुक्रवार, आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीने हप्ते चुकवल्याचं प्रकरण ताजं होतं, एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएलचे कमर्शिअल पेपर (थोड्या मुदतीचे कर्जरोखे) कमी भावात विकल्याची बातमी फुटली आणि शेअर एका दिवसात साधारण ४२ टक्के पडून बंद झाला. कंपनीने खुलासा केला की आम्ही कुठेही डिफॉल्ट केलेला नाही. ते त्या दिवशी खरंही होतं. जून २०१९ मध्ये कंपनीचे हप्ते चुकले, नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं, आणि मुदत ठेवीवाल्या साध्या लोकांचे पैसे अडकले. अशा वेळी "डिफॉल्ट झालाय का" हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "नाही" असंच येणार. दुसरा प्रश्न असा हवा: पुढच्या तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, वर्षभरात किती रुपये फेडायचेत, आणि त्याच काळात कर्जदारांकडून किती येणार आहेत? दिलेली कर्जं पंधरा-वीस वर्षांची आणि घेतलेले पैसे तीन-सहा महिन्यांचे, अशी कंपनी नवीन उधारी मिळेनाशी झाली की अडकते. एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी), हाउसिंग फायनान्स किंवा बँकेतलं कुणी टीव्हीवर आलं की हा प्रश्न विचारला जातोय का एवढंच बघा, आणि विचारला तर उत्तरात आकडा येतो की नुसतं "आम्ही कम्फर्टेबल आहोत" येतं ते बघा.

अजून एक बारीक गोष्ट, शांतता. मे २०२३ मध्ये याच फेबर यांनी इलॉन मस्क यांना त्यांच्या ट्विट्सबद्दल अडचणीचं विचारलं, मस्क बराच वेळ गप्प राहिले, आणि फेबर यांनी ती गप्प वेळ भरून काढली नाही, थांबले. मग मस्क बोलले ते ठरवून आणलेलं उत्तर वाटत नव्हतं. आपल्याकडच्या अँकरांना दोन सेकंद शांतता झाली की धास्ती वाटते आणि ते स्वतःच पर्याय सुचवायला लागतात, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की..." तिथे पाहुणा सुटतो.

अँकर असं का वागतात याची कारणंही माहिती असू द्या, म्हणजे उगाच माणसाला शिव्या द्यायची पाळी येत नाही. निकालाच्या शेवटच्या दिवसांत शेकडो कंपन्यांचे आकडे एकाच दिवशी येतात, एका पाहुण्याला सहा-सात मिनिटं मिळतात, कानात प्रोड्युसर "ब्रेक घे" म्हणून सांगत असतो, समोर भाव हलत असतात. आणि टोचलं की तो एमडी पुढच्या तिमाहीला दुसऱ्या चॅनेलवर जाणार ही भीती असते. वर जाहिराती कुणाच्या, तर ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांच्या. वेळेची अडचण मला पटते. पाहुणा नाराज होईल ही अडचण मात्र मला पटत नाही, कारण चॅनेल बघणाऱ्याच्या भरवशावर उभं आहे, पाहुण्याच्या नाही.

पायरी ५: पाठ केलेली उत्तरं ओळखायला शिका

"सायलेंट पीरियड आहे, बोलू शकत नाही." हे कधीकधी खरं असतं. तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत कंपनीच्या आतल्या लोकांना शेअरचे व्यवहार बंद असतात, आणि त्या काळात बऱ्याच कंपन्या आकड्यांवर बोलत नाहीत. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती टीव्हीवर फोडणं बेकायदा आहे, त्यामुळे त्यांनी तिथे गप्प राहणं योग्यच. पण कसोटी सोपी आहे: विचारलेला आकडा आधीच फायलिंगमध्ये छापलाय का? छापला असेल तर त्यावर "कमेंट करू शकत नाही" म्हणणं ही टाळाटाळ.

"ऑर्डर बुक हेल्दी आहे." किती कोटींची, किती वर्षांत पूर्ण करायची, आणि त्यात सर्वात कमी बोली लावलेली पण अजून हातात न आलेली कामं धरलीत का? रस्ते, रेल्वे, डिफेन्सवाल्या कंपन्यांत हा शेवटचा फरक फार मोठा असतो.

"डबल डिजिट ग्रोथ." १० टक्केही डबल डिजिट आणि ४० टक्केही. आणि वाढ विक्रीची, टनांची की नफ्याची?

"मार्केट स्पेक्युलेशनवर आम्ही बोलत नाही." पूर्वी हे चालून जायचं. आता बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांना, मीडियात आलेल्या मोठ्या अफवेमुळे भाव ठरावीक मर्यादेपलीकडे हलला तर २४ तासांत खरं-खोटं सांगावं लागतं, पहिल्या १०० कंपन्यांना जून २०२४ पासून आणि बाकीच्यांना डिसेंबर २०२४ पासून. तेव्हा पाहुण्याने हे वाक्य टाकलं की एक्स्चेंजच्या साईटवर खुलासा आलाय का ते बघा.

"एक पाऊल मागे जाऊन मोठं चित्र बघूया", "इंडिया ग्रोथ स्टोरी" वगैरे चालू झालं की समजायचं मूळ प्रश्न मागे पडला. कागदावरच्या त्या प्रश्नापुढे फुली मारा.

पायरी ६: कॉनकॉलशी ताडून बघा

टीव्हीवर सात मिनिटं असतात, अ‍ॅनालिस्ट लोक निकालानंतर कंपनीला फोनवर एकत्र प्रश्न विचारतात त्या कॉनकॉलवर तास-दीड तास असतो. त्या कॉलचं रेकॉर्डिंग पुढच्या ट्रेडिंग दिवसाच्या आधी किंवा २४ तासांत, जे आधी असेल तेव्हा, आणि शब्दशः ट्रान्स्क्रिप्ट पाच वर्किंग दिवसांत एक्स्चेंजवर टाकावं लागतं. फुकट आहे आणि तरी फार कमी लोक वाचतात. सुरुवातीचं मॅनेजमेंटचं भाषण सोडून द्या, थेट प्रश्नोत्तरांवर जा. कुठला प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅनालिस्टनी फिरवून फिरवून विचारला ते शोधा, कंपनीची दुखरी नस तिथेच असते. मग टीव्हीची मुलाखत परत आठवा, तो प्रश्न तिथे आला होता का? एखादं चॅनेल, एखादा अँकर सातत्याने तिथपर्यंत पोचतो असं दिसलं तर त्यालाच बघा, बाकीच्यांवर वेळ घालवायची गरज नाही. आणि टीव्हीवर एक बोलले, कॉलवर दुसरं बोलले असं सापडलं तर ती कंपनी मी तरी यादीतून काढून टाकेन.

यूट्यूबवरच्या दोन मिनिटांच्या क्लिपवरून मुलाखतीचा दर्जा ठरवू नका, त्यात बऱ्याचदा उत्तर असतं आणि प्रश्न कापलेला असतो. पूर्ण मुलाखत शोधा.

पायरी ७: शेअरची नावं सांगणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी चाळणी

इथे दर्जापेक्षा सावधपणाचा प्रश्न आहे. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एका हिंदी बिझनेस चॅनेलच्या अँकरविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शोमध्ये जे शेअर सुचवले जाणार ते घरच्यांच्या खात्यांतून आदल्या दिवशी घेतले जायचे आणि शो झाल्यावर विकले जायचे असा ठपका होता, आणि २.९५ कोटी रुपये जप्त करायला सांगितले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिंदी चॅनेलच्या गेस्ट एक्सपर्ट लोकांसह १५ जणांवर असाच आदेश आला, रक्कम ७.४१ कोटी. आदेशात मांडलेली पद्धत समजून घ्या: एक्सपर्ट शोच्या आधी नाव फोडतो, त्याचे ओळखीचे लोक खरेदी करतात, टीव्हीवर "स्ट्राँग बाय" येतं, बघणारे तुटून पडतात, भाव वर जातो आणि ओळखीचे लोक त्याच भावात बघणाऱ्यांना विकून बाहेर. म्हणजे घरी बसून घेणारा माणूसच या सगळ्याचा शेवटचा गिऱ्हाईक.

त्यामुळे इथे तीन गोष्टी करा. पाहुण्याचा सेबी नोंदणी क्रमांक बघा, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच या अक्षरांनी चालू होतो, तो सेबीच्या साईटवर शोधून नाव जुळतंय का ते तपासा. शेअर स्वतःकडे आहे की नाही हे तो सांगतो का ते ऐका, जाहीर कार्यक्रमात हे सांगणं रिसर्च अ‍ॅनालिस्टच्या नियमांत बंधनकारक आहे. घाईघाईत "नो पोझिशन" पुटपुटणं आणि अँकरने मुद्दाम विचारून घेणं यात फरक आहे, चांगला अँकर विचारून घेतो. आणि नाव ऐकल्या ऐकल्या लगेच ऑर्डर टाकू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

इथलाही दुसरा प्रश्न ठरलेला आहे: "मागच्या महिन्यात तुम्ही जो शेअर सांगितला होता त्याचं काय झालं?" हा टीव्हीवर फार कमी ऐकू येतो. टार्गेट लागलं की पट्टी फिरते, स्टॉपलॉस (तोटा आवरायला ठरवलेला विक्रीचा भाव) लागला की कुणी नाव काढत नाही.

पायरी ८: वही ठेवा

साधी वही किंवा मोबाईलमधली नोट चालेल. तारीख, कंपनी, कोण बोललं, काय आश्वासन दिलं, आणि ते कधी तपासायचं. आश्वासन शब्दशः लिहा. "दुसऱ्या सहामाहीत मार्जिन १६ टक्के होईल", "नवा प्लांट मार्चपर्यंत चालू होईल", "कर्ज निम्म्यावर आणू". दोन तिमाही गेल्या की परत बघा. प्लांट मार्चचा जून आणि जूनचा सप्टेंबर होत जातो तो असाच कळतो, कारण प्रत्येक नव्या मुलाखतीत नवी तारीख इतक्या सहज सांगितली जाते की जुनी कुणाला आठवत नाही. ज्याने आठवायला हवी होती तो अँकर, आणि तो आठवण करून देतो का, हीसुद्धा वहीत एक नोंद करा. माझ्या ओळखीतल्या एक काकू, टेक्स्टाईल कंपनीतून रिटायर झालेल्या, अशी वही ठेवतात आणि त्यांच्याकडे कंपन्यांपेक्षा अँकरांची यादी जास्त पक्की आहे, कोण विचारतो आणि कोण नुसता मान डोलावतो. मला ते फार पटतं.

सुरुवात कुठून करायची

कंपन्यांच्या गडबडीत लगेच जमणार नाही, म्हणून सरावाला रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा दिवस घ्या. सकाळी १० वाजता गव्हर्नरांचं निवेदन असतं आणि दुपारी १२ ला पत्रकार परिषद, पूर्ण, न कापलेली, रिझर्व्ह बँकेच्या यूट्यूब चॅनेलवर मिळते आणि नंतर साईटवर लेखी प्रत येते. वेगवेगळ्या पेपर-चॅनेलचे पत्रकार एकामागून एक विचारतात, त्यामुळे प्रश्नांची तुलना आयती करता येते. कागद घेऊन बसा, प्रश्न लिहा, एका दमात तीन विचारणारे किती, आधीच्या पत्रकाराला मिळालेलं अर्धं उत्तर पुढे नेणारे किती, ते मोजा. बाहेर आल्यावर त्याच विषयावर चॅनेलवाले जे पॅनेल बसवतात, सहा खिडक्यांमध्ये सहा माणसं, तेही दहा मिनिटं बघा आणि तिथेही प्रश्नच लिहा.

मग निकालाचा सीझन आला की एकच कंपनी निवडा, शक्यतो जिचे शेअर तुमच्याकडे आहेत ती. फायलिंग आधी उघडा, तुमचा स्वतःचा दुसरा प्रश्न कागदावर लिहून ठेवा, आणि मग टीव्ही लावा. प्रश्न आला नाही तर तोच प्रश्न कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्सच्या ईमेलवर पाठवा, पत्ता कंपनीच्या साईटवर असतो. शेअरहोल्डर म्हणून विचारताय असं लिहा, फायलिंगमधला आकडा आणि पान नंबर द्या. एजीएममध्येही, म्हणजे शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत, हाच प्रश्न विचारता येतो. आता बऱ्याच कंपन्यांच्या एजीएम ऑनलाइन असतात, नोटीसमध्ये स्पीकर म्हणून नाव नोंदवायची शेवटची तारीख दिलेली असते, ती चुकवू नका.